जुन्या वाड्यातल्या उपाहारगृहात जेवायला जाताना

नाशिकमध्ये राहत्या घरांची उपाहारगृहे होऊ लागली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. जुन्या नाशकातला एखादा दुमजली वाडा, कॉलेज रोड किंवा शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत टिकून राहिलेला बैठा बंगला, देवळाली कॅम्पातले लांब पडवीचे कौलारू घर, अशा जागांमध्ये आज मिसळ, थालिपीठ, शेवभाजी-भाकरी आणि फिल्टर कॉफीसुद्धा मिळते. अशा ठिकाणाहून नाराज होऊन परतणारी मंडळी बहुधा स्वयंपाकाला नावे ठेवतात. परंतु माझ्या मते चूक पुष्कळदा स्वयंपाकात नसून बसण्याच्या, मागवण्याच्या आणि वेळेच्या निवडीत असते. हॉटेल म्हणून बांधलेल्या इमारतीत भटारखाना, जिना, स्वच्छतागृह आणि बसण्याची दालने गर्दीचा हिशेब करून आखलेली असतात. घर मात्र एका कुटुंबासाठी बांधलेले असते. त्याचे स्वयंपाकघर लहान, जिना अरुंद आणि मोरी मागच्या बाजूला असते. ही मूळ ठेवण व्यवसाय बदलला तरी फारशी बदलत नाही. म्हणून आधी घर ओळखावे, मग जागा धरावी आणि त्यानंतरच मेन्यूकार्ड उघडावे, हा क्रम ठेवल्यास जेवण सुखाचे होते.

कोणते घर आणि कोणता दिवस

वाडा आणि बंगला यांच्यात निवड करताना सोबत कोण आहे, हे प्रथम पाहावे. वाडा जोत्यावर उभा असतो, त्यामुळे दारातच दोन-चार दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. पुढे दिंडी दरवाजाचा उंच उंबरठा ओलांडताना डोकेही वाकवावे लागते आणि आतल्या प्रत्येक खोलीला पुन्हा स्वतंत्र उंबरठा असतो. गुडघेदुखी असलेल्या आजी, चाकाच्या खुर्चीवरील माणूस किंवा बाबागाडीतले मूल बरोबर असेल, तर बैठा बंगला निवडावा. तिथे पडवी जमिनीलगत असते, आवारात झाड असते आणि गाडी निदान फाटकाजवळ तरी उभी करता येते. सराफ बाजार, तीळभांडेश्वर लेन, भद्रकाली या भागांतल्या वाड्यांपर्यंत चारचाकी नेण्याचा हट्ट धरू नये. गाडी दूर लावून रिक्षाने यावे किंवा चालत यावे.

दिवस निवडताना गावाचे पंचांग पाहणे आवश्यक आहे. नाशिकमध्ये रंगाचा खरा दिवस धुळवड नसून रंगपंचमी असतो, आणि त्या दिवशी शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा या परिसरांत पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडल्या जात असल्याने जुन्या गावातली सगळी गर्दी तिकडे वळते. अनंत चतुर्दशीला मुख्य विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि मेन रोडवर संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा राहत नाही. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी पंचवटीकडून येणाऱ्यांनी हाताशी अधिक वेळ ठेवावा. 2027 मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने होणार आहेत, त्या दिवसांत गोदाकाठच्या गल्ल्यांमध्ये निवांत जेवणाचा बेत आखूच नये. पावसाळ्याचे गणित आणखी निराळे आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. पाणी त्याच्या छातीपर्यंत चढल्याचे कानावर आले, तर सराफ बाजार आणि भांडी बाजार यांच्या आसपासचा बेत रद्द करून गंगापूर रोडकडे जावे. 2008 आणि 2019 च्या पुरांत हा बाजार पाण्याखाली गेलेला अनेकांनी पाहिला आहे.

जाण्यापूर्वी एक फोन अवश्य करावा. टेबल राखून ठेवतात का, चौकात बसता येते का, मिसळ किती वाजेपर्यंत असते आणि गाडी कुठे लावायची, एवढे विचारले तरी पुरते.

जागा धरताना

देवडीतून आत आले की लगेच पहिल्या रिकाम्या खुर्चीवर बसू नये. दोन मिनिटे उभे राहून घराची रचना पाहावी आणि वेटरला, ‘दादा, जरा आत बघून येतो,’ असे सांगून एक फेरी मारावी. कोणी हरकत घेत नाही. मधला चौक, त्याच्या भोवती ओसरी किंवा सोपा, त्यामागे माजघर, त्याहून आत स्वयंपाकघर, मागे परसदार आणि वर माडी, अशी वाड्याची सर्वसाधारण मांडणी असते. यातील प्रत्येक जागेचा स्वभाव ऋतूप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतो.

उन्हाळ्यात दुपारी माजघर सर्वांत चांगले. विटा आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींमधून दिवसाची उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लागतात, त्यामुळे बाहेर एप्रिलचे ऊन रणरणत असताना माजघरात पंख्याखाली बसणे सुसह्य असते. माडीचे नेमके उलटे असते. वरच्या मजल्यावर पत्रा किंवा कौले थेट डोक्यावर येतात आणि दुपारी एक ते पाच या वेळेत ती खोली तापते. खिडकीतला सज्जा कितीही देखणा असला, तरी मे महिन्यात दुपारच्या जेवणासाठी तो घेऊ नये. संध्याकाळी सातनंतर मात्र भिंती साठवलेली उष्णता आत सोडू लागतात आणि माजघर कोंदट होते, तेव्हा चौकातली किंवा ओसरीवरची जागा मागावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही इथल्या रात्री दिवसाच्या मानाने बऱ्याच निवतात. त्याचा लाभ उघड्या चौकातच मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

थंडीत क्रम फिरवावा. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येऊ लागल्या की सकाळच्या मिसळीसाठी चौकातला उन्हाचा कोपरा धरावा. नऊच्या सुमारास ऊन चौकाच्या एकाच बाजूच्या भिंतीवर येते आणि जाणती गिऱ्हाइके तिथेच बसलेली दिसतात. रात्री मात्र शहाबादी फरशीवर मांडलेली भारतीय बैठक टाळावी, कारण सतरंजीतून गारवा वर येतो. पावसाळ्यात चौकाच्या कडेची टेबले घेऊ नयेत. पागोळ्यांचे शिंतोडे ताटात पडतात आणि फरशी निसरडी होते. त्या दिवसांत आतल्या भिंतींना ओल येते आणि बंद खोलीत तिचा वास राहतो. म्हणून खिडकी असलेली, वारा फिरणारी जागा पाहावी.

वाड्यात अंतर खणांत मोजले जाते, म्हणजे दोन खांबांमधल्या मापात. टेबले त्याच मापात बसवावी लागत असल्याने चार माणसांची सोय सहज होते, सहा जण दाटीने बसतात आणि आठ-दहा जणांचा गट हमखास दोन ठिकाणी विभागला जातो. मोठे कुटुंब असेल तर टेबले जोडून द्या, असा आग्रह धरण्याऐवजी ओसरीवरची बैठक किंवा पूर्ण माजघर आदल्या दिवशी मागून घ्यावे. टेबल निवडताना वरही पाहावे. कडीपाटाच्या छतात लाकडी कड्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर असतो. वरच्या मजल्यावर माणसे चालली की फटींतून बारीक माती गळते. व्यवस्थापनाने खालून कापड किंवा प्लायवूड लावलेले नसेल, तर त्या खोलीत ताट घेऊन बसण्यात अर्थ नाही.

माडीवर जाण्यापूर्वी जिन्याचा विचार करावा, आणि हा विचार केवळ सोयीचा नाही. वाड्यातला जिना पुष्कळदा भिंतीच्या पोटातून काढलेला, उभा आणि एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद असतो. घर लाकडी, वर गर्दी आणि उतरायला एकच वाट, ही परिस्थिती आगीच्या वेळी घातक ठरू शकते. अग्निशामक नळकांडी दिसतात का, दुसरी वाट आहे का आणि परसदाराचा दरवाजा उघडा आहे की सामानाने अडवलेला आहे, एवढे डोळ्यांखालून घालावे. माडी खचाखच भरलेली असेल, तर खालच्या जागेसाठी थांबावे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका मोडकळीला आलेल्या वाड्यांना नोटिसा देते. तुळया झुकलेल्या, भिंतींना ताज्या भेगा आणि टेकू दिलेले दिसले, तर तिथली पुरणपोळी कितीही नावाजलेली असो, मुकाट्याने बाहेर पडावे.

अशा घरांत मागच्या खोल्यांमध्ये किंवा वरच्या मजल्यावर मालकांचे कुटुंब अथवा जुने भाडेकरू अद्याप राहत असतात. पडदा लावलेल्या दारातून डोकावू नये, छायाचित्रे काढताना विचारावे आणि मुलांना जिन्यावर धावू देऊ नये. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर उष्टे कप ठेवलेले पाहिले की मला तरी ते खटकते. घरातल्यांना किती खटकत असेल, याची कल्पना करावी.

मागवताना

आता स्वयंपाकघराकडे वळू. चाळीस माणसांचे जेवण ज्या खोलीतून येते, ती मुळात दहा-बारा जणांच्या घराची चूल असते. काही ठिकाणी परसदारी पत्र्याची शेड टाकून भाकरीच्या चुली तिकडे नेलेल्या असतात, परंतु शेगड्यांची संख्या तरीही मर्यादितच राहते. म्हणून टेबलावर सहा माणसे असतील तर सहा निरनिराळे पदार्थ मागवू नयेत. दोन भाज्या, एक पिठले किंवा आमटी, भाकऱ्या आणि भात असे सामाईक मागवावे. असे केले की सगळे एकदम येते आणि गरम येते. उलट सहा जिनसा मागवल्या तर पहिल्याचे जेवण आटोपते तेव्हा सहाव्याचे ताट येते.

भाकरीचा हिशेब तर आधीच करावा. ती थापून, तव्यावर भाजून, फुगवून उतरवायला साधारण तीन मिनिटे धरली आणि एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी होते हे लक्षात घेतले, तर बारा भाकऱ्यांना एका तव्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. त्यात शेजारच्या टेबलांच्या भाकऱ्याही त्याच मावशी थापत असतात. त्यामुळे बसल्याबरोबर भाकऱ्यांची संख्या सांगावी आणि त्या दोन-दोन करून आणायला सांगाव्यात. सगळ्या एकदम आणवल्यास शेवटच्या भाकऱ्या गार आणि कडक होतात. थालिपिठालाही असाच वेळ लागतो, कारण ते झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस व्हावे लागते. ते पाच मिनिटांत आले, तर आधी करून ठेवलेले आहे असे समजावे. पिठले सर्वांत लवकर होते. लहान मुले भुकेने कुरकुरत असतील, तर पहिल्यांदा पिठले-भात मागवून त्यांना जेवायला बसवावे.

मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे आणि तो सकाळीच खावा. मटकीची उसळ आणि काळ्या मसाल्याचा रस्सा पहाटे एकदाच होतो. दुपारपर्यंत तो सतत उकळत राहिल्याने आटतो, मीठ चढते आणि पुन्हा पाणी घातल्यावर चव फिकी होते. नाशिकमध्ये मिसळीबरोबर पापड आणि दही देण्याची पद्धत आहे, आणि ते दही शोभेसाठी नसते. ‘तिखट कमी करा’ असे सांगून काही साधत नाही, कारण रस्सा एकाच पातेल्यात असतो. त्याऐवजी ‘तर्री न घालता रस्सा द्या’ असे सांगावे आणि दही बाजूला ठेवून लागेल तसे घ्यावे. रस्सा पुन्हा मिळतो की त्याचे वेगळे पैसे पडतात, हे पहिल्यांदाच विचारून घ्यावे. रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ सर्वांत वाईट असते. आठ वाजता जावे.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात नाशिकच्या ताटावर खानदेशाची सावली स्पष्ट दिसते, आणि या घरांमधून मागवावे तेही तेच. शेवभाजी मागवताना शेव वेगळी आणायला सांगावी, अथवा भाजी येताच जेवायला सुरुवात करावी. रश्शात पडलेली शेव काही मिनिटांतच लगदा होते. वांग्याचे भरीत थंडीत मागवावे, कारण जळगावकडची हिरवी, लांबट, कमी बियांची वांगी त्याच दिवसांत येतात. जून महिन्यात जांभळ्या वांग्याचे भरीत मिळेल, पण त्यात तो गोडवा नसतो. बाजरीची भाकरीही थंडीतली. उन्हाळ्यात ज्वारीची किंवा मिळाली तर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, घ्यावी. हुलग्याचे शेंगोळे मेन्यूकार्डावर क्वचित असतात, पण विचारले तर एखाद्या वारी करतात, असे उत्तर येऊ शकते. मांडे हा कौशल्याचा पदार्थ आहे. खापरावर ते टाकणारी बाई येणार असेल तेव्हाच मिळतात. आदल्या दिवशी सांगून ठेवावे. श्रावणात उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी हमखास चांगली मिळते.

याच घरांच्या कार्डावर पास्ता, मंचूरियन, पनीर टिक्का आणि पिझ्झाही छापलेले असतात. ते मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघर लहान असताना कार्ड लांबलचक असेल, तर त्यातला मोठा भाग शीतकपाटातून येतो. कोणता पदार्थ ताजा आहे हे कळण्याचा सोपा उपाय म्हणजे भाकऱ्या करणाऱ्या मावशींना किंवा काउंटरवरच्या काकांना, ‘आज घरी काय केले आहे?’ असे विचारणे. ज्या दोन पदार्थांची नावे ते चटकन घेतील, तेच मागवावेत.

स्वच्छता आणि परवाना

अन्नसुरक्षेचा परवाना दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे. त्यावरचा एफएसएसएआयचा क्रमांक 14 अंकी असतो. पहिला अंक 1 असेल तर तो परवाना आणि 2 असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. जानेवारी 2022 पासून हा क्रमांक बिलावरही छापणे बंधनकारक आहे. वाड्याच्या आडाचे पाणी पाहायला छान वाटते, पण पिण्यासाठी गाळलेले पाणीच मागावे. बाटलीबंद पाणी घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. स्वच्छतागृह बहुधा परसदारी, मुख्य घरापासून सुटे असते, कारण वाड्यांत ती सोय पूर्वीपासून बाहेरच होती. वृद्धांना रात्री तिकडे नेताना वाटेवर दिवा आहे का, हे आधी पाहून यावे.

बिल आणि पार्सल

बिल आले की ते वाचावे. 15 नोव्हेंबर 2017 पासून साध्या उपाहारगृहांवर 5 टक्के जीएसटी आहे, मग खोलीला एसी असो वा नसो; बिलावर तो 2.5 टक्के केंद्राचा आणि 2.5 टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. लहान व्यवसायांपैकी काही कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरण्याच्या योजनेत, असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, म्हणून बिलावर कंपोझिशनचा उल्लेख असूनही खाली जीएसटी लावलेला दिसला, तर तो वजा करण्यास सांगावे. सेवाशुल्क हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. ‘वास्तूच्या जतनासाठी’ अशा गोंडस नावाने रक्कम जोडलेली असेल, तरी ती देणे ऐच्छिक आहे का, हे शांतपणे विचारावे. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. टीप द्यायची असेल तर ती रोख आणि हातात द्यावी, आणि त्यातला काही भाग आतल्या मावशींपर्यंत जावा म्हणून वेगळा द्यावा. ताट वाढणारा समोर असतो, भाकरी थापणारी बाई दिसतही नाही.

उरलेले अन्न बांधून घेण्यात संकोच करू नये, मात्र काय बांधायचे ते पाहावे. भरीत, ठेचा, शेंगोळे आणि सुकी मटकी घरी नेल्यावरही चांगली लागतात. शेवभाजीचा रस्सा शेवेविना न्यावा आणि शेव कोरडी बांधून घ्यावी. थालिपीठ डब्यात वाफ धरून वातड होते, तेव्हा ते तिथेच संपवावे. भाकरी न्यायची असल्यास फॉइलऐवजी कागदात गुंडाळून मागावी आणि घरी तव्यावर पुन्हा शेकावी. उन्हाळ्यात दही, ताक आणि ओले खोबरे घातलेले पदार्थ पार्सल घेऊ नयेत, आणि बाकीचे डबेही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जातील, असे पाहावे. जेवणानंतर गंगेवर फेरफटका मारून परतायचे असेल, तर पार्सल निघताना न घेता परतीच्या वाटेवर घेईन असे काउंटरवर सांगून ठेवावे आणि ते किती वाजता बंद करतात, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.